अण्णांचा डावा कान

डॉक्टरांचे किस्से कानातल्या मळासारखे असतात. साचताना पत्ता लागत नाही, आणि एक काढायला जावं तर मागचा आपोआप पुढे सरकतो! मी भूल देणारा. पेशंट शांत पडला की मला दुसरं काम काय? ऐकायचं! नव्वदच्या दशकात बंगळुरात, मल्लेश्वरममधल्या आमच्या छोट्याशा हॉस्पिटलात कानाच्या फाटक्या पडद्याला ठिगळ कसं लावावं यावरून जी लढाई जुंपली, तिचा मी एकमेव तटस्थ साक्षीदार. मीठ-मसाला माझा. हळहळ मात्र अस्सल.

*

एका बाजूला अण्णा, आमचे कानाचे जुने सर्जन. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, मराठीत निम्मं कन्नड, आणि जीव मायक्रोस्कोपवर. कानामागे काप घ्यायचा, कान पुढे उलटायचा, वरून मायक्रोस्कोपनं बघायचं आणि दोन्ही हातांनी काम करायचं.

दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेली तरुण सर्जन मेधा. तिची पेन्सिलीसारखी एंडोस्कोप थेट कानाच्या भोकातून आत जायची आणि आतलं चित्र टीव्हीवर दिसायचं. अडचण एकच, एक हात ती दुर्बीण धरण्यातच अडकायचा.

पहिल्या दिवशी अण्णा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, डोकावले, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅच लागलीय का गं? स्कोअर काय?"

*

ओटी थंडगार, कान गरम. दुर्बिणीच्या काचेवर सारखं धुकं धरायचं. मेधा ती गरम पाण्यात बुडवून घ्यायची. एकदा पाणी संपलं म्हणून सिस्टरनं थर्मास उचलला.

"अगं, त्यात माझी कॉफी आहे!" अण्णा ओरडले. "पण बुडव की! वासानं पेशंट तरी जागा होईल."

चादरीखालून आवाज आला, "जागाच आहे सार. साखर स्वल्प कमी!"

*

लग्न ठरलेली एक मुलगी आली. अण्णांच्या पद्धतीत कानामागचे केस भादरायचे. तिनं सरळ मेधाचं दार गाठलं.

अण्णा तिच्या आईला म्हणाले, "कान दुरुस्त करायचाय अक्का, की फोटो काढायचाय?"

"दोन्ही!"

*

आमच्याकडे बरीच ऑपरेशनं फक्त कान बधिर करून व्हायची. पेशंट टक्क जागा! अशाच एका बँकेतल्या साहेबांच्या कानावर दोघांची जुंपली.

"सर, कानाची वाट वाकडी असते. तुमच्या मायक्रोस्कोपला पडद्याची पुढची कड दिसते का?"

"दिसत नाही. कळते! आणि रक्त आलं की तू एका हातानं काय करणार? टिपणार की ठिगळ लावणार?"

साहेब उठून बसायला लागले. "सार, आधी तुमचं एकमत होऊ दे. मी सोमवारी येतो!"

*

इथवर सगळं हसण्यावारी. मग एके दिवशी अण्णांचा पेशंट टेबलावर कण्हायला लागला, "नोवु, सार, नोवु!" म्हणजे दुखतंय. अण्णा आपले गुणगुणत कामात. शेवटी मी ओरडलो तेव्हा हात थांबला.

दुपारी मेधानं जवळजवळ जबरदस्तीनं त्यांचा डावा कान तपासला. निम्मा पडदा गायब! लहानपणापासून कान वाहत होता आणि अण्णा उजव्यावर निभावून नेत होते. आता उजवाही कुरकुरायला लागला होता. ज्याला पेशंटचं कण्हणं ऐकू येत नाही त्यानं सुरी धरू नये, हे आम्हाला शिकवलं कोणी? अण्णांनीच!

*

"मी करते सर," मेधा म्हणाली.

"एका हातानं? माझा कान?"

"बरं, मायक्रोस्कोपनं करते."

"त्यावर तुझा हात बसलेला नाही."

"मग करणार कोण?"

"माझ्यासारखा कोणी मिळू दे की!"

मी म्हटलं, "अण्णा, समोर आरसा ठेवा आणि तुम्हीच करा!" आम्ही सगळे हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी घटकाभर खरंच विचार केला!

दसरा गेला, उगादी म्हणजे आपला पाडवाही गेला. आम्ही विनोद करत राहिलो आणि कान वाहत राहिला. पुन्हा तपासणी झाली तेव्हा आतली नसही थकलेली निघाली.

"पडदा बसेल सर," मेधा म्हणाली. "ऐकू मात्र पहिल्यासारखं येणार नाही. थोडं आधी आला असतात तर..."

त्या आठवड्यात अण्णांनी आपले सगळे पेशंट तिच्याकडे सोपवले. पुढे काही महिन्यांनी तीही नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याला परत निघाली.

"जायच्या आधी माझं करून टाक," अण्णा म्हणाले. "तुझ्या टीव्हीवर. सरी? चालेल ना?"

*

हा शेवटचा. यात मीठ-मसाला नाही, विश्वास ठेवा नाहीतर सोडा.

अण्णा टेबलावर, जागे. डावा कान वर, तोंड टीव्हीकडे. मेधानं ठिगळ आत सरकवलं आणि नेमकं रक्त यायला लागलं. दुर्बीण बाहेर, टिपणं, दुर्बीण आत, की पुन्हा रक्त! तिचा श्वास मला मास्कमधून ऐकू येत होता.

"मला ग्लोव्ह घाल," चादरीखालून अण्णा म्हणाले.

"सर, तुम्ही पेशंट आहात!"

"हात रिकामेच आहेत की माझे. दे इकडे."

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आणि अण्णांनी, खरं सांगतो, स्वतःच्या कानात स्वतः दुर्बीण धरली! हात दगडासारखा स्थिर. मेधाचे दोन्ही हात मोकळे झाले. टीव्हीवर पडद्याची पुढची कड तळहातावरच्या रेषेसारखी लख्ख. ठिगळ अलगद त्या कडेखाली जाऊन बसलं.

"झालं सर. काढा बाहेर."

हात हलला नाही. डोळे टीव्हीवरच्या त्या कडेवर.

"सर?"

"स्वल्प थांब मेधा," अण्णा म्हणाले. "बघू दे."