पितृपक्षात क्लोजिंग नको म्हणून

मंडळी, आज इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या नव्या घराचं क्लोजिंग झालं, म्हणजे सह्या होऊन घर आमच्या नावावर झालं. अभिनंदन नका करू, आधी ऐका.

क्लोजिंग खरं तर दोन आठवड्यांपूर्वीच होतं. पण नेमका पितृपक्ष लागला. एजंटला हे कुठे समजावत बसणार? मी ठोकून दिलं, "लोनचे पेपर अडकलेत." वकिलाने तारीख पुढे ढकलली.

आज सह्यांआधी घर शेवटचं बघायला गेलो, तर घर विकणाऱ्या आजी तिथेच. त्यांचं सगळं सामान ठरल्या तारखेला लेकीकडे रवाना झालं होतं. सह्या झाल्याशिवाय कसं निघायचं, म्हणून त्या एकट्या थांबल्या. रिकाम्या हॉलमध्ये हवा भरायची गादी आणि एक कप. पंधरा दिवस तिथेच झोपल्या.

माझा हात धरून म्हणाल्या, "तुमचं लोन मंजूर व्हावं म्हणून मी रोज प्रार्थना केली हं."

मी नुसतं "थँक यू" म्हणालो.

गेलेल्यांचा मान राखायला मी एका जिवंत म्हातारीला जमिनीवर झोपवलं, यार.

त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. फोन करून खरं सांगू? की आपली प्रार्थना फळली, एवढं समाधान तरी त्यांच्याकडे राहू देऊ?