पाठीला माती

"झोपली रे, झोपली!" ही आरोळी मी इतक्यांदा ऐकली आहे, की आजही कुणी खरोखर झोपलेल्या माणसाबद्दल असं म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. मी लढत असायचे. घामाने डोळे चुरचुरत असायचे, समोरच्या मुलीचं मनगट माझ्या दोन्ही हातांत असायचं, आणि हॉलच्या मागच्या बाकांवरून पोरं शिट्ट्या मारून ओरडायची, उठवा रे तिला, चहा द्या.

त्यांचं तरी काय चुकत होतं म्हणा. मी पाठीवर पडून लढायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि डोंबिवलीत गल्लोगल्ली कराटेचे क्लास निघाले होते. आमच्या सरांचा क्लास जरा निराळा. ते फौजेतून आलेले, आणि ज्युडो, कराटे, कुस्ती या तिन्हींची त्यांनी मिसळ केली होती. शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी काथ्याच्या गाद्या पसरायच्या, वर ताडपत्री ओढायची, की झाला आमचा आखाडा. मी विठ्ठलवाडीहून तिथे जायचे. अंगाने किडकिडीत असल्यामुळे उभ्याने मला कुणीही पाडायचं. पण पडल्यावर मी घाबरत नाही, हे सरांनी हेरलं. वर बसलेली मुलगी जोर लावते, दमते, आणि मग तिचा एक हात अंगापासून थोडा लांब राहतो. मी त्या हाताची वाट बघायचे. तो मिळाला की मनगट धरायचं, कोपर अडकवायचं आणि सावकाश पिळत न्यायचं. समोरचीने दोनदा थापटलं की लढत संपली. थापटणं म्हणजे हार कबूल.

पंचाईत अशी, की हे सगळं दोन अंगांच्या मधल्या वीतभर जागेत घडतं. बाहेरच्याला दिसते ती एक खाली पडलेली आणि एक वर बसलेली मुलगी. मग वरचीच अचानक रडवेली होऊन उठते आणि पंच खालचीचा हात वर करतात. लोकांना वाटायचं पंच विकले गेलेत. दुसऱ्या गाद्यांवरचे पंच मात्र आपली गादी सोडून माझ्या गादीशी येऊन उकिडवे बसायचे. नाशिकच्या एका प्रशिक्षकांनी तर त्यांच्या मुलींना फक्त माझे हात बघायला पाठवलं होतं. पण स्नेहसंमेलनात क्लासचं प्रात्यक्षिक असलं की स्टेजवर कौलं फोडणाऱ्या मुली जायच्या. मलाही नेत. कौल धरून उभं राहायला.

घरात मी आणि आबा, दोघंच. आई मी शाळेत असतानाच गेली. आबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कामाला होते. मूळचे साताऱ्याकडचे, तरुणपणी गावच्या तालमीत वाढलेले. चाळीतल्या आमच्या खोलीत देवांच्या शेजारीच त्यांचा लंगोटातला फोटो होता, आणि दिवाळीला देवांबरोबर त्यालाही हार पडायचा. त्यांनी मला क्लासला कधी अडवलं नाही. कधी काही विचारलंही नाही. आज काय शिकलीस, कुणाशी लढलीस, एक शब्द नाही. माझा लढायचा पांढरा डगला मात्र ते स्वतः धुवायचे, निळीत घालून. पाठीकडची बाजू ताडपत्रीने काळी व्हायची. मोरीत बसून तेवढीच बाजू ते पुन्हा पुन्हा घासत राहायचे. मी आतून तो ब्रशचा आवाज ऐकायचे आणि मनात म्हणायचे, डगला घासताय ते ठीक आहे हो आबा, पण विचारा ना काहीतरी.

मला फार एकटं वाटायचं त्या काळात. आपल्याला एक गोष्ट उत्तम येते आणि ती घरच्या एकुलत्या एका माणसाला दाखवता येत नाही, याचं दुःख कुणाला सांगण्यासारखंही नसतं.

मग ठाण्यात खुली स्पर्धा ठरली. कराटेवाले, ज्युडोवाले, कुस्तीवाले, सगळ्यांना मोकळी, निकाल थापटण्यावर. मी धीर करून आबांना म्हटलं, या तुम्ही. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ठेवणीतली टोपी घातली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मांडीवर दोन्ही हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. मला इतकं बरं वाटलं की सर शेवटच्या सूचना देत होते त्यातलं मी काहीच ऐकलं नाही.

शेवटच्या लढतीला समोर मुंबईची एक दणकट मुलगी होती. तिने मला उचललं आणि आदळलं. हॉल ओरडला. मला त्याचं काही नव्हतं, मला खालीच जायचं होतं. ती वर आली, मी हाताची वाट बघत राहिले, आणि मधेच माझी मान आबांच्या बाजूला वळली. खुर्ची रिकामी होती. दारातून बाहेर जाणारी टोपी तेवढी दिसली.

हात मिळाला, पिळला, तिने थापटलं. पंचांनी माझा हात वर केला. सरांनी विचारलं, "वडील कुठायत गं तुझे? बोलव की." मी म्हटलं, "ड्युटीवर गेले."

घरी पोचले तर आबांनी पाणी तापवून बादलीत काढून ठेवलं होतं. पिठलं-भाकरी झाकून ठेवली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंघोळ करून घे." एवढंच. मी पदक पिशवीतून काढलंच नाही. मला वाटलं, यांना लाज वाटली. चार लोकांत पोर उताणी पडली, वर दुसरी बसलेली, बापाला ते बघवलं नाही. मी रागाने अंगावर पाणी घेतलं, रागाने जेवले, आणि पदक ट्रंकेत स्वेटरखाली टाकलं. नाही विचारत ना? मग मीही नाही सांगत. हट्टी मी आधीपासूनच.

त्यानंतर मी दोनेक वर्षं लढले, जिंकलेही. आबांना परत कधी बोलावलं नाही. ते डगला धुवत राहिले, मी गप्प राहिले. पुढे सर गावी गेले, क्लास बंद पडला, त्या हॉलमध्ये कॉम्प्युटरचा क्लास आला. मला ठाण्यात ऑफिसात नोकरी लागली. जेवणाच्या सुट्टीत एकदा मैत्रिणींना सांगायला गेले की मी अशी अशी लढायचे, तर एक म्हणाली, "म्हणजे तू खाली पडायचीस आणि जिंकायचीस? कायपण!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग तो विषय मी कुणाकडेच काढला नाही. कधी कधी बसमध्ये शेजारच्या बाईचं मनगट दिसलं की माझी बोटं आपोआप वळायची. तेवढंच उरलं होतं.

अशी काही वर्षं गेली. एके दिवशी दुपारी आबांचे तालमीतले जोडीदार आले, ठाण्याला भाचीच्या लग्नासाठी. खोपटच्या एसटी स्टँडवरून मीच त्यांना घरी आणलं. चहा झाला, दोघं खाटेवर बसून जुन्या कुस्त्या काढत होते, मी आत कणीक मळत होते. त्या काकांनी विचारलं, "पोरगी बी खेळायची म्हणं?"

"खेळायची की," आबा म्हणाले. "येकदाच बघितली. पाठीला माती लागली, तसा उठून आलो."

"आलास ते बरं क्येलंस."

"मग? वस्ताद म्हणायचा न्हवं का, आपल्या माणसाची पाठ लागली की त्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. फुडं जायचं, पानी तापवायचं. तिला वाटू ने बापानं बघितलं म्हणून." मग म्हणाले, "तशी रोजच पडायची रं. डगल्याची पाठ मीच घासायचो न्हवं. रोज माती. म्हणायचो, पोर रोज हरती आन् रोज उठून जाती. आपल्याच्यानं झालं नसतं. इचारलं मात्र न्हाई कधी. हरल्याला काय इचारायचं?"

माझे हात कणकेतच राहिले. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. मी तशीच बाहेर आले.

"आबा, मी जिंकले होते."

काका हसले. "पाठ लागल्याव कसली जिंकतीस पोरी?"

मी हात धुतले, ट्रंकेतून पदक काढून खाटेवर ठेवलं, आणि सतरंजी अंथरून तिच्यावर उताणी पडले. "या आबा. दाबा मला."

आबा येईनात. पोरीला कसं दाबायचं, म्हणाले. काकांनीच त्यांना खाली बसवलं. ते माझ्या बाजूला गुडघे टेकून बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण जोर काही देईनात. "जोर द्या," मी ओरडले. तेव्हा त्यांनी थोडं वजन टाकलं. मी मनगट धरलं, दुसरा हात त्यांच्या दंडामागून घातला आणि कोपर अडकवलं. खऱ्या लढतीत यात पायही लागतात, पण बापावर पाय कसा टाकणार. मग नुसत्या हातांनी, अगदी सावकाश, पिळत नेलं.

"दुखलं की थापटा आबा. म्हणजे सुटतं."

आबांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या अगदी वर होता. आधी ते गोंधळलेले दिसले. मग त्यांच्या खांद्याने तो पेच ओळखला. तालमीतलाच खांदा तो, त्याला काय सांगावं लागतं. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, इकडून, तिकडून, मग थांबले. माझ्याकडे नीट बघितलं. कित्येक वर्षांत तसं बघितलं नव्हतं.

"तू खालनं धरली हुतीस तिला," ते म्हणाले. "आन् मी जिकलेली कुस्ती टाकून आलो व्हय गं?"

मोकळ्या हाताने त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थापटलं. मी लगेच सोडलं.

पण ते थांबले नाहीत, तसेच थोपटत राहिले.