डाव्या पायाची पट्टी

आधीच सांगते, असे अनुभव मी जेवणानंतर पाय वर करून वाचते आणि प्रत्येकाला मनातल्या मनात उत्तर देत जाते. रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई दिसली — तुमची झोप झाली नसेल. बंद खोलीत ठकठक — प्लंबरला बोलवा. त्यामुळे स्वतः असं काही लिहायला बसणं मला जरा अवघडच जातंय. पण माझ्या कपाटात एक वस्तू आहे आणि तिचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा.

मी दुबईत, जबल अलीच्या एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शन बघते. कामगारांचे कव्हरऑल, शाळेचे शर्ट, हॉटेलांचे एप्रन. आम्ही राहतो सिलिकॉन ओएसिसला. नवरा शिरीष मूळचा डोंबिवलीचा, आयटीत आहे, गेली काही वर्षं इन्सुलिनवर. मुलगी सई कॉलेजला जाण्याच्या वयाची, आणि आमच्याशी फक्त इंग्रजीत बोलण्याच्याही.

शिरीषच्या ऑफिसात रॉजर नावाचा एक इंग्रज आहे. त्याचा एक ग्रुप — दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सैनिक जसे राहायचे, तसे कपडे घालून हे लोक हिवाळ्यात वाळवंटात कॅम्प करतात. कवायत, चहा, फोटो. एक दिवस शिरीष घरी येऊन म्हणाला, "त्या लढाईत आपले मराठी जवानही होते. त्यांचं काम कोण करणार?"

"तू? या ढेरीवर?"

"जवानांना ढेऱ्या नसायच्या का?"

"डॅड, लिटरली नोबडी," सई आतून ओरडली.

शेवटी त्या सगळ्यांचे कपडे शिवायचं काम माझ्याकडे आलं. कारखान्याची परवानगी घेतली, सुट्टीच्या दिवशी दोन मशीन चालवली. रॉजरचा नियम एकच — जे तेव्हा नव्हतं, ते अंगावर नको. झिप नको, नायलॉन नको, इलॅस्टिक नको. खाकी कापड नवं असलं की हिरवट दिसतं, म्हणून मी ते परत परत धुवून गच्चीवर उन्हात टाकलं. बटणं पितळी. घोट्याभोवती गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांचं कापड लुधियानाहून मागवलं. शिवाय प्रत्येक जवानाकडे सुई, दोरा आणि जादा बटणं ठेवलेली एक छोटी कापडी थैली असायची, म्हणे. त्याही केल्या. मात्र थैल्यांची तोंडं मी मशीनवर शिवूनच टाकली. मोठी माणसं वाळूत सुया सांडणार आणि मग उंटांच्या पायात जाणार... तो ताप कोणाला हवाय?

दोन ठिकाणी मी चोरी केली. एक म्हणजे दोरा. सगळीकडे आमचा नेहमीचा पॉलिस्टरचा वापरला, थैल्यांतही तोच. दोरा जाळून कोण बघतंय? दुसरी चोरी शिरीषसाठी होती. पट्टी पायाला गुंडाळली की तिच्या टोकाला शिवलेली सुती नाडी वर फिरवून आत खोचायची असते. शिरीषला तेवढं वाकून बसताच येईना. श्वास लागायचा, पट्टी सुटायची, मग चिडायचा. म्हणून कॅम्पला निघायच्या दिवशी सकाळी मी त्याच्या दोन्ही पट्ट्यांची नाडी काढून तिथे वेल्क्रो लावलं. मशीनवर, दुहेरी टीप मारून. थैल्या तोपर्यंत शिवून, पॅक होऊन रॉजरकडे कधीच्याच पोचल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

कॅम्प रास अल खैमाकडच्या वाळवंटात होता. कुटुंबांची सोय गाड्यांजवळ, जरा अलीकडे. पहाटे उठून बघते तर धुकं. इथे राहणाऱ्यांना माहीत आहे, हिवाळ्यात असं धुकं येतं की आपल्याच गाडीचं बॉनेट दिसत नाही. तेव्हा मात्र विरळ होतं. रॉजर खूश. "फोटो छान येतील. छोटासा मार्च, मग लगेच ब्रेकफास्ट. यल्ला, चला!" फोन एका जुन्या लाकडी खोक्यात गोळा केले, कारण फोन तेव्हा नव्हते. शिरीषने पट्ट्या बांधल्या तेव्हा वेल्क्रोचा खर्र आवाज रॉजरला ऐकू जाऊ नये म्हणून मी मुद्दाम मोठ्याने खोकले.

आणि इथे माझ्या शहाण्या नवऱ्याने काय केलं, तर लगेच नाश्ता आहे म्हणून निघण्याआधीच इन्सुलिन टोचून घेतलं. मला न सांगता. खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत होत्या, म्हणून ती डबीसुद्धा गाडीत ठेवून गेला.

मला ती डबी दिसली आणि तिच्याशेजारी इन्सुलिनचं वापरलेलं पेन दिसलं, तोपर्यंत धुकं दाट झालं होतं. मी अंडी उकडणं थांबवलं. मग एकामागून एक माणसं धुक्यातून बाहेर यायला लागली. शेवटी रॉजर आला. शिरीष नव्हता.

"शिरीष तर तुमच्याबरोबर होता ना?" मी विचारलं.

रॉजरने मागे पाहिलं. त्याच्या पुढच्याला वाटलं होतं शिरीष रॉजरबरोबर आहे, रॉजरला वाटलं होतं तो पुढे गेला.

"हॅज ही ईटन?" सईने विचारलं. माझ्या हातातलं पेन दिसताच ती फोन घ्यायला धावली.

पोलिसांना फोन केला. निघालो म्हणाले, पण या धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नाही. रॉजरची माणसं हाका मारत परत वाळूत शिरली. मीही गाडी घेऊन शिरणार होते, तर सईनेच अडवलं. "आई, यू विल रन हिम ओव्हर." बरोबर होतं. तिथून जवळच उंटांच्या फार्मचं जाळीचं कुंपण जातं आणि त्याला लागून एक कच्चा रस्ता आहे. त्या रस्त्याने मी पायी चालण्याच्या वेगाने गाडी चालवली. सई खिडकीतून अर्धी बाहेर. हॉर्न, थांबणं, ऐकणं. हॉर्न, थांबणं, ऐकणं. उत्तर म्हणून फक्त कुठेतरी उंट ओरडायचा. शुगर उतरली की माणूस आधी घामाघूम होतो, मग बरळतो, मग कुठेही आडवा होतो. वाळूच्या खळग्यात आडवा झालेला खाकी कपड्यातला माणूस, धुक्यात... कपड्याचा रंग वाळूशी अगदी तंतोतंत जुळवला होता. मीच.

"स्टॉप! स्टॉप!"

कुंपणाच्या खांबाला टेकून तो बसला होता. चेहरा राखेसारखा, शर्ट घामाने चिकटलेला. मी ज्यूसचं खोकं फोडून तोंडात धरलं, आधी ओघळलं, मग त्याने गिळलं. दुसरं खोकं संपेपर्यंत मी ते तसंच धरून ठेवलं. मग जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

तो शुद्धीत आल्यावर म्हणाला, "रॉजरला थँक्स सांग."

"कशाबद्दल?"

"पाय मुरगळला गं माझा, खड्ड्यात. उठताच येईना. त्याने समोर उकिडवं बसून पट्टी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. मग चालता आलं. कुंपणापर्यंत हाताला धरून आणलंन त्याने."

"रॉजर कॅम्पमध्ये होता."

"मग दुसरं कोणीतरी. मान खाली होती, चेहरा नाही दिसला. म्हणाला, पाय ढिला सोड की."

सईने माझ्याकडे पाहिलं. त्या ग्रुपमध्ये मराठी बोलणारा शिरीष एकटाच आहे. आणि 'ढिला सोड की' ही तर घाटावरची बोली, डोंबिवलीत वाढलेला शिरीष स्वप्नातही असं म्हणणार नाही.

ठीक आहे. शुगर उतरली की माणसाला काहीही ऐकू येतं. डॉक्टरही तेच म्हणाले. हॉस्पिटलमध्ये नर्सने डाव्या पायाची पट्टी सोडली तेव्हा तिने विचारलं, "किसने बांधा? बहुत अच्छा बांधा है." घोट्याच्या हाडाला बारीक चीर होती. अशा बांधणीशिवाय तो एक पाऊलही टाकू शकला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी पट्ट्या गुंडाळून पर्समध्ये टाकल्या.

घरी आल्यावर धुवायला काढल्या. उजव्या पट्टीला माझं वेल्क्रो जागच्या जागी होतं. डाव्या पट्टीला नव्हतं. तिथे सुती नाडी होती. हाताने शिवलेली, बारीक उलटी टीप, सगळे टाके सारखे. पट्टी बदलली असेल म्हणून उजेडात धरली, तर माझ्या मशीनच्या दुहेरी टिपेची भोकं लोकरीत स्पष्ट दिसत होती. पट्टी तीच.

कारखान्यात कापड ओळखायला आम्ही धागा जाळून बघतो. मी नाडीच्या टाक्यातला थोडा दोरा काढला आणि काडी लावली. पॉलिस्टर असता तर वितळून कडक मणी झाला असता. याची मऊ राख झाली, जळक्या कागदासारखा वास आला. शुद्ध सूत. आमच्या त्या सगळ्या कामात सुती दोरा कुठेच नव्हता.

"डॅडने शिवलं असेल?" सईने चक्क मराठीत विचारलं.

शिरीषला शर्टाचं बटण लावता येत नाही. चष्म्याशिवाय सुईचं नेढं दिसत नाही, आणि त्याचा प्लॅस्टिकचा चष्मा त्या लाकडी खोक्यात होता, फोनबरोबर.

रॉजर भेटायला आला तेव्हा मी दोन्ही पट्ट्या त्याच्यासमोर ठेवल्या. वेल्क्रो बघून त्याने दुखावल्यासारखं तोंड केलं. मग डावी उचलून बराच वेळ उलटसुलट केली. "ही मात्र अगदी बरोबर आहे," म्हणाला. "बाकीच्यांच्या अशा का नाही शिवल्यास?"

मी त्याला चहा दिला.

इथपर्यंत मी कसंबसं सगळं बसवलं होतं. फार्मवर कोणी मराठी माणूस असेल, शिवणकाम जाणणारा असेल, खिशात सुई-दोरा-नाडी घेऊन धुक्यात फिरत असेल. असतात माणसं. फार्मवर जाऊन चौकशीही केली. असा कोणी नव्हता, पण म्हटलं, असेल कोणी, गेला असेल.

मग ग्रुपने सामान परत मागवलं. रॉजरने कॅम्पवर दिलेल्या शिरीषच्या झोळीतून ती सुई-दोऱ्याची थैली निघाली. तोंड शिवलेलं, माझीच टीप, एकही टाका हललेला नाही. सहज दाबली तर आत बटणांखेरीज आणखी काहीतरी कडक लागलं. कात्रीच्या टोकाने टीप उसवली. सुई होती. पॉलिस्टरचा दोरा होता, मी गुंडाळला तसाच. बटणं होती. आणि वेल्क्रोचे दोन तुकडे होते, एकावर एक नीट घडी घातलेले, दोऱ्याचा एक तंतूही न चिकटलेले.

वेल्क्रो शिवलं त्याच्या किती तरी आधी ती थैली बंद झाली होती. मी दिवस पुन्हा पुन्हा मोजून पाहिलेत. शिरीषला अजून हे सांगितलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याला परत जायचंय आणि मी नाही म्हणणार होते. आता म्हणणार नाही. ग्लुकोजच्या गोळ्यांची ती प्लॅस्टिकची डबी मी स्वतः त्याच्या खिशात घालेन, रॉजरला काय वाटायचं ते वाटो.

डावी पट्टी मी परत केली नाही. उजवीचं वेल्क्रो काढून टाकलं. बाजारातून सुती दोऱ्याचं रीळ आणलं आणि नाडी हातानेच शिवली, डावीचे टाके समोर ठेवून. तितके सारखे काही आले नाहीत.