तिमारेताच्या आईची कुपी

तिमारेता आमच्या कुंभारवाड्यातली. तिचा भाऊ खारेस मुठीत मावतील अशा गोल तेलाच्या कुप्या घडवायचा आणि ती त्यांवर चित्रं काढायची. ससे, घुबडं, शेपूट उभारलेले सिंह. आमच्या करिंथ बंदरातून सुटणाऱ्या बहुतेक गलबतांत तिचे ससे असायचे.

नवरा द्रोमोन तालमीत कामाला. पैलवान अंगाला तेल चोपडून धुळीत झोंबायचे आणि नंतर हा काशाच्या वाकड्या पात्याने त्यांची अंगं खरवडायचा. तेल, घाम, माती, केस, कधी फुटलेल्या गळवाचा पू. तो करडा लगदा सांध्यांवरचं औषध म्हणून खपायचा. भरलेला बुधला द्रोमोन चुलीजवळ ठेवायचा, म्हणजे लगदा पातळ राहायचा. भाकरी भाजायला बसली की तिमारेताच्या नाकात जुन्या घामाचा आंबूस वास शिरायचा. जेवण तिला निम्मं जायचं.

"तुझ्या दोन कुप्या दे," तो म्हणायचा. "सुंदर कुपीतलं औषध बायका डोळे मिटून घेतात."

"माझ्या सशांच्या पोटात तो मळ जाणार नाही. मडक्यात विका."

आई गेली त्या वर्षी तिने एक कुपी मन लावून रंगवली. आईला आवडायचे म्हणून चिमुकले हंस काढले. आयरिसच्या फुलांचं अत्तर आणून भरलं, तोंड मेणाने बंद केलं आणि वर्षदिनाला आम्ही शेजारणी तिच्याबरोबर थडग्यावर गेलो. खारेसही होता.

तिने मेण काढून कुपी दगडावर उपडी केली. काहीच पडेना. झटका दिला तेव्हा करडा गोळा निसटला आणि आईच्या नावावरून ओघळत खाली आला. त्यात एक आखूड कुरळा केस होता. वास तर आम्ही सगळ्यांनीच ओळखला. शेजारणींनी पदर नाकाला लावले. तिमारेता बाजूला जाऊन ओकली. मग आपल्या ओढणीने तिने तो दगड पुसला, पण अक्षरांत शिरलेलं निघेना. शेवटी नखांनी उकरून काढलं.

घरी द्रोमोन कांदा खात बसला होता.

"अत्तर कुठाय?"

"तालमीच्या मुकादमाच्या मुलीचं लग्न नव्हतं का? त्याला दिलं. रिकामी कुपी हलकी लागली असती, म्हणून भरून पुन्हा मेण लावलं." चावता चावता तो हसला. "मेलेल्यांना काय नाक असतं?"

"आजपर्यंत तुला अहो-जाहो केलं," ती म्हणाली, "त्याचीच मला आता शिसारी येते."

तो उठला तसा दारातला खारेस आत आला. "बस खाली," एवढंच म्हणाला. तिमारेताने रंगाच्या वाट्या आणि कुंचले उचलले आणि भावाच्या घरी निघून गेली. ओढणी तिने थडग्यावरून येताना वाटेतच भट्टीत टाकली होती.

द्रोमोनने दुसरी बायको केली. त्या नव्या बायकोच्या भावाकडून वेड्यावाकड्या सशांच्या कुप्या करून घेतल्या. औषध तडाखेबंद खपतं. आमच्या वाड्यातल्या ज्यांनी त्या दिवशी नाकं झाकली, त्यांतल्या दोघी गुडघ्यांसाठी ते आणतात. तिमारेता त्यांच्याकडचं पाणीसुद्धा पीत नाही.