तिच्या नावाचं पान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गणपतीला गावी जायच्या बसच्या सीटा बघणं. कांदिवलीच्या खोलीत, दुपारी जेवण झाल्यावर, बायको खाटेवर आणि मी खाली लादीवर. गावच्या बसवाल्याने फोनवर बुकिंग सुरू केलं होतं. तिने आपला नंबर घालून पान उघडलं, आणि मलाही दिसावं म्हणून वरची लांबलचक लिंक उचलून मला पाठवली. मी दाबली, तर माझ्या फोनात 'नमस्कार' आणि पुढे तिचं नाव.

"तुमच्या फोनात माझां नाव कशाक?"

"मला काय विचारतेस? तूच पाठवलंस ना."

"म्हणजे आता तुम्हीच मी. मग रातचां जेवण तुम्ही करा."

"खाशील? पोट धरून बसशील."

दोन सीटा धरल्या. आमच्याकडे एकट्याने बुकिंग कोणी करत नाही, एकाने बघितलं की सगळ्या वाडीला दाखवायचं. म्हणून मी तीच लिंक वाडीच्या ग्रुपवर टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. भांडी घासायला बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. म्हणाला असेल.

तेराव्यानंतर माणसं पांगली. पोरीने तिचं नाव रेशनकार्डावरून काढलं, बँकेतून काढलं, फोन बंद करून कपाटात ठेवला. मी सहज ती लिंक दाबली. 'नमस्कार', आणि तिचं नाव. या पानाला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

जावई कम्प्युटरमधला. त्याला दाखवलं.

"बाबा, पुढे एक मशीन असतं, ते नुसतं आलेल्याला आत सोडतं. कोण आलंय ते मागचं मशीन लक्षात ठेवतं. त्यासाठी ते एक नंबर देतं. तो नंबर फोनात गुपचूप ठेवायचा असतो. या येड्या बसवाल्याने तो लिंकच्या शेपटीला बांधलाय. लिंक ज्याच्या हातात, तो आई."

आमच्या मिलच्या गेटवर असंच, बिल्ला दाखवला की आत. तोंड कोण बघतंय? मला कळलं.

"मग ते विसरणार कधी तिला?"

"दिवसभर कोणीच उघडलं नाही तर विसरतं. नाहीतर कोणी 'बाहेर पडा' दाबलं, तर लगेच, सगळ्यांच्याच फोनातून. वाडीतले सारखे सीटा बघतायत, म्हणून आई अजून आहे." बोलून गेला आणि खाली बघायला लागला. मग म्हणाला, "मी बसवाल्याला सांगतो, बंद करेल."

"सांगू नकोस. चहा पी."

त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ ते पान उघडायला लागलो. वाडीतले उद्या विसरतील, त्यांच्या भरवशावर कशाला राहायचं? हसायचं तर हसा. जन्मभर तिने मला उठवलं, आता मी तिला जागं ठेवत होतो. तेवढं पान राहावं, बाकी मला काही नको होतं.

तिची धाकटी बहीण गावाला असते, तिला बाय म्हणायची. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"भावोजी, बस बघूक गेलंय तर बायचां नाव येता. बंद करून परत बघितलंय. परत बायच."

"येऊ दे."

"येऊ दे काय? मी रोज तिका मनातून पोचवून येतंय आणि रोज ती दारात उभी. माका सोसत नाय." मग तिनेच विचारलं, "तुमका बरां वाटता काय?"

"वाटतं."

मग म्हणाली, "मग ऱ्हवांदे." आणि फोन ठेवला.

भांडली असती तर मी ऐकलं नसतं. भांडणाला मी पुरा पडतो. पण तिने ते माझ्यासाठी सोसायचं ठरवलं, आणि गेली ती तिचीही होती.

सकाळी आंघोळ करून बसलो. चष्मा लावला, लिंक दाबली. नाव आलं. बघत राहिलो थोडं. मग म्हटलं, "चल गं, बस झालं." कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बाहेर पडा' होतं. बोट पहिल्यांदा बाजूलाच पडलं. परत दाबलं. पान पांढरं झालं आणि मोबाईल नंबर मागायला लागलं.

मेहुणीला फोन लावला. "आता उघडून बघ."

खुडबुड ऐकू आली. "नंबर मागता," ती म्हणाली.

"माझ्यातही."

फोन तिने ठेवला नाही, मीही ठेवला नाही.