शांतपणे पेट घ्या

जयमालाला गप्प करायला भूकंपच यावा लागेल, असं मी म्हणायचे. २०११चा आला, तेव्हाही ही बया टेबलाखाली बसून बोलतच होती! टोकियोजवळच्या इचिकावातली माझी शेजारीण. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी जपानला आली, जपानी शिकली आणि मराठी टुरिस्टांची गाइड झाली. बसमध्ये माइक हातात आला की संपलंच. टिप ठेवू नका हो, वेटर पैसे परत द्यायला रस्त्यावर धावत येतो. संडासातल्या सपाता संडासातच ठेवा, मागे एक साहेब त्याच घालून जेवायला आले होते.

फुकुशिमाच्या डोंगरात एंदो-सान नावाच्या आजी गरम झऱ्याकाठी छोटं लॉज चालवायच्या. भूकंपानंतर तिकडे कोणी फिरकेना. आमची माणसं घ्या म्हणून जयमाला वर्षभर त्यांच्या मागे लागली होती. आजींना परदेशी पाहुण्यांची धास्ती वाटायची. शेवटी २०१७ साली त्या हो म्हणाल्या. पहिला ग्रुप निघाला, त्यात मीही घुसले.

आत शिरलो आणि काय सांगू, भिंतभर मराठी पाट्या! आजींनी कम्प्युटरवरून भाषांतर काढून एकेक अक्षर ब्रशने गिरवलं होतं. 'जेवण तुम्हाला सहा वाजता खाईल.' 'पाण्यात उतरण्याआधी स्वतःला धुऊन वाळत घाला.' 'आग लागल्यास शांतपणे पेट घ्या.' पुण्याचे पंढरीनाथकाका तर हसून हसून भिंतीला टेकले. आम्ही सगळे फोटो काढत सुटलो.

खोल्यांत सामान टाकून खाली आलो, तर भिंत कोरी. आजी दारात कमरेत वाकून उभ्या. पाहुण्यांचा अपमान झाला, यापुढे परदेशी माणसं घेणार नाही, असं त्या म्हणतायत, हे जयमालाने आम्हाला सांगितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. मला तर आम्हा सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, माझ्यासकट. थट्टा आम्ही आपल्या माणसाची करतो, परक्याशी नुसतं गोड बोलतो, हे जयमाला आजींना परोपरीने समजावत होती. आजी वाकलेल्याच.

तेवढ्यात काकांनी कोपऱ्यातला ब्रश उचलला. दारावरची जपानी पाटी समोर ठेवली आणि जमिनीवर मांडी ठोकून गिरवायला बसले. दोन अक्षरांत शाई सदऱ्यावर, नाकावर, चटईवर. कागदावर म्हणाल तर सांडलेल्या शेवया! पण त्यांनी तो दोन्ही हातांनी आजींपुढे धरला आणि मान खाली घातली.

आजींनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. तोंडावर हात ठेवला. मग तो हातही सुटला, आणि हसता हसता त्या तिथेच खाली बसल्या. काकांचं मनगट धरून त्यांनी ते अक्षर पुन्हा काढून घेतलं. आता आम्ही सगळेच ब्रशसाठी रांगेत!

डोळे पुसत आजी जयमालाशी काहीतरी बोलल्या. काय म्हणाल्या, आम्ही विचारलं. तिने ते मराठीत सांगितलं.

"भूकंपानंतर या घरात कोणी हसलंच नव्हतं. पुढचा ग्रुप कधी आणताय?"