जेवण बंद, बोलणं चालू

हमीदभाई मुकादम निमंत्रणपत्रिका दोन खोक्यांत ठेवत. एकावर लिहिलेलं ‘जेवण’, दुसऱ्यावर ‘बोलणं’. दुसऱ्या खोक्यात एकच नाव होतं: चिनी वकिलात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आखातातल्या मनामा शहरात एका युरोपीय वकिलातीत टंकलेखक होतो आणि दाभोळचे हमीदभाई तिथले मुख्य कारकून. बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्यावर युरोपने चीनला शस्त्रं विकणं थांबवलं, मानपान थांबवला. संवाद मात्र तोडायचा नाही असं ठरवलं. आमच्या साहेबांनी त्याचा अर्थ लावला, की चिनी पाहुण्याला बसायला सांगायचं नाही. संध्याकाळी हूरा या आमच्या वस्तीकडे चालत परतताना हमीदभाई मला समजावत, “कांबळे, जेवण मफी, म्हणजे बंद. खुर्ची मफी. बोलणं चालू.”

साहेबांकडे चीनमध्ये तुरुंगात टाकलेल्या एकोणीस जणांची यादी होती. ती चिनी सचिवांना वाचून दाखवायची आणि प्रत्येकाची चौकशी करायची, असा वरून आदेश होता. सचिव वयस्कर, गुडघ्याने अधू. दोघे उभ्याने बोलत. तिसऱ्या नावाशी सचिवांचा पाय थरथरू लागे आणि ते नम्रपणे निरोप घेत. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. असं पाच वेळा झालं.

सहाव्या वेळी हमीदभाईंनी पॅन्ट्रीतलं स्टूल आणून सचिवांच्या मागे ठेवलं. ते बसले. हे कोणाच्या परवानगीने, असं साहेबांनी विचारलं. हमीदभाईंचा व्हिसा साहेबांच्या सहीवर चालत होता. टिपणं घ्यायला मी कोपऱ्यात होतो. मान वर केली नाही.

“साहेब, खुर्चीवर बसवलं तर पाहुणचार होतो,” हमीदभाई शांतपणे म्हणाले. “स्टूलवर माणूस फक्त पडायचा वाचतो.”

साहेबांनी बराच विचार केला आणि स्वतःसाठीही एक स्टूल मागवलं. त्या दिवशी एकोणीसही नावं वाचून झाली. मग त्यांनी राजधानीला पत्र लिहून विचारलं, स्टूल हे आसन धरावं का. उत्तर येईपर्यंत स्टुलं राहिली.

उत्तराआधी सचिवच आले. यादीतला अकरावा माणूस, एक शाळामास्तर, घरी पोचला होता. साहेबांनी हमीदभाईंना आत बोलावून ही बातमी दिली, हात मिळवला, बसायला सांगितलं.

हमीदभाई बसले नाहीत. “उरलेल्या अठरांचं काय?”

संवाद चालू आहे, असं साहेब म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, हमीदभाई साहेबांच्या दारात उभे राहून तेवढंच विचारत. दाभोळला कायमचे परत जायच्या दिवशी त्यांनी मला त्या दारापाशी नेलं आणि कुठे उभं राहायचं ते दाखवलं.